मोत्यांची ऊब

१७ नोव्हेंबर १९५५, गुरुवार

काल रघूदादाला ओवाळलं आणि आज ट्रंक घेऊन ठाकूरद्वारला आले. दादा पोचवायला आला होता. वाडीच्या तोंडाशी थांबून त्यानं घर खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, आता तू आम्हाला ओळख तरी देशील ना गं? मी मोठ्यानं हसले. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला, तेव्हा गप्प झाले. विधवा बाईनं रस्त्यात इतकं हसू नये, हे मला चार वर्षांत सवयीचं झालंय. आज विसरले.

घर सुरेख आहे. जुनं, पण कुठे धूळ नाही. जिन्याचा कठडा हाताखाली रेशमासारखा लागतो. स्वयंपाकघरातून भाजलेल्या मसाल्याचा वास येत होता, तो थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. मला मागच्या बाजूची खोली दिली आहे. एकटीची खोली! करी रोडला दादा, वहिनी, त्यांची मुलं, मी आणि वसू, सगळे एका खोलीत. रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून. इथे खिडकीतून पलीकडच्या वाडीतला सोनचाफा दिसतो.

घरात भाऊसाहेब आणि बाईसाहेब दोघंच. मूलबाळ नाही. हे जुने प्रभू लोक, बोलणं अगदी मऊ. बाईसाहेबांचं नाव राजलक्ष्मी, आणि त्या दिसतातही तशाच. भाऊसाहेब म्हणजे मनमोहनराव. त्यांनी नमस्कार केला, पण माझ्याकडे पाहिलं असं वाटलं नाही. बुधाजी नावाचा गडी आहे, तो दार सांभाळतो.

मी मनाशी घोकलेलं बाईसाहेबांना विचारून टाकलं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, वासंती. तिला इथे आणता येईल का? त्या म्हणाल्या, आधी तुम्ही रुळा कालिंदीबाई, मग तिलाही आणू, घरात लहान पाऊल हवंच आहे. मला एवढंच हवं होतं. तिला माझ्याजवळ झोपवायचं, बाकी काम कसलंही असो.

२० नोव्हेंबर, रविवार

काम काय ते आज कळलं. मला वाटलं होतं पोथी वाचून दाखवायची असेल, नाहीतर बाईसाहेबांना सोबत. दादाच्या ऑफिसातल्या माणसानं एवढंच सांगितलं होतं की घरंदाज बाई हवी, आणि विधवा असली तर बरं.

काम म्हणजे मोती घालून बसायचं.

भाऊसाहेबांचा संग्रह आहे. दिवाणखान्यातल्या शिसवी कपाटात खण आहेत, आत मखमल, आणि प्रत्येक डागासाठी, म्हणजे दागिन्यासाठी, मखमलीत त्याच्याच आकाराची खोबण. नथी, तन्मणी, चिंचपेट्या, बुगड्या, बाजूबंद. सगळा बसऱ्याचा मोती. भाऊसाहेब बोलायला लागले आणि त्यांचा चेहराच बदलला. आता असा मोती निघत नाही म्हणाले, जपानी मोती आला आणि समुद्रात बुड्या मारणारी माणसंच उरली नाहीत. एक मोती त्यांनी दातावर घासून दाखवला, खरा कसा खरखरतो ते. मलाही घासायला लावला. मोत्याला अंगाची ऊब लागते. पेटीत पडून राहिला की तो पिवळा पडतो, मग मरतो. म्हणून रोज दुपारी जेवणं झाली की मी दोन-तीन डाग अंगावर घालून दिवाणखान्यात बसायचं. साबण नाही, पावडर नाही, अत्तर नाही.

बाईसाहेब स्वतः का घालत नाहीत, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या हसल्या. सवाष्णीनं दुसरीची नथ घालू नये म्हणाल्या, आपल्याच नवऱ्याच्या जिवाला लागतं. आणि तुमचं काय, तुमचं जायचं ते गेलेलं आहे. हे त्या इतक्या प्रेमानं बोलल्या की मला वाईटसुद्धा वाटलं नाही. नंतर वाटलं.

सगळ्यात खालच्या खणात एक एवढीशी बाळी आहे, तान्ह्या कानातली. तिचा मोती अगदी शिळ्या भातासारखा झालाय. मी हात पुढे केला तर भाऊसाहेब म्हणाले, ही तुमच्यानं नाही व्हायची, हिला लहान अंग लागतं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काल फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. माणसं मेली. दादा मोर्चात गेला होता हे मला ठाऊक होतं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी त्याचा निरोप आला की तो धडधाकट आहे, फक्त चप्पल हरवली. मी खाली जाऊन रडले.

मागच्या पडवीत एक म्हातारी बसते, तांदूळ निवडत. केस पांढरे, कातडी कागदासारखी, हात सदा शालीत गुंडाळलेले, दाणे निवडतानासुद्धा फक्त बोटांची टोकं बाहेर. जुनी कामवाली असेल. सगळे तिला मावशी म्हणतात. मी रडताना पाहून तिनं शालीतून बोटं काढून माझ्या गालाला लावली. बर्फासारखी. म्हणाली, तू अजून गरम आसस गो.

दुपारी भाऊसाहेबांनी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. घोषणांनी मोत्यांना त्रास होतो म्हणाले.

४ डिसेंबर, रविवार

आज नथ घातली.

हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते. इतके दिवस तन्मणी, चिंचपेटी, ते मी कामासारखं केलं. नथीची गोष्ट वेगळी. माझी स्वतःची नथ हे गेले त्या दिवशी सासूबाईंनी काढून घेतली, आणि नाकाचं भोक हळूहळू बुजलं. बाईसाहेब म्हणाल्या, चापाची आहे, भोक नसलं तरी चालेल. त्यांनी लावली. समोर मोठा बिलोरी आरसा आहे. मी पाहिलं आणि मला ती दिसली, एकोणीस वर्षांची, फोटो काढायला धोबी तलावला गेलेली. हे कॅमेऱ्यामागून मला हसवत होते.

बसण्याचा वेळ संपला तरी मला नथ काढू नये असं वाटलं. मीच म्हटलं, आणखी थोडा वेळ राहू दे. बाईसाहेब आणि भाऊसाहेब एकमेकांकडे पाहून हसले, जसे आईबाप पोर जेवायला लागलं की हसतात तसे.

नथीचा मोती ओठाशी येतो. माझा श्वास त्याच्यावर लागला की धुकं धरतं. मग ते धुकं विरत नाही. आत जिरतं. मी नीट पाहिलं.

१८ डिसेंबर, रविवार

करी रोडला जाऊन आले. वसू धावत येऊन बिलगली आणि लगेच मागे सरली. आई, तुझा हात गार लागतो. मी म्हटलं, थंडी आहे ना राणी. ती म्हणाली, मग मला का नाही?

वहिनीनं माझ्यासाठी सुक्या सोड्यांची खिचडी केली होती. मला वास आला नाही. पहिल्यांदा वाटलं पडसं असेल. मग घास घेतला, तर चवही नाही, तोंडात ओला कागद चावल्यासारखं. वहिनीला सांगितलं नाही, दोनदा वाढून घेतलं.

वहिनी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, वन्सं, तुमच्या बंगल्यात जेवायला घालतात की नुसते मोतीच दाखवतात? मग तिला आठवण झाली. आमच्या चाळीत दुर्गा म्हणून एक पोरगी होती, गिरणीत कांड्या भरायची. स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी ती ठाकूरद्वारला कुठल्याशा प्रभूंकडे कामाला गेली ती गेलीच. दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायची म्हणे, अशी दांडगी. फक्त सुईला भ्यायची. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदून घ्यायला बसली आणि अर्ध्यावरच किंचाळत पळाली. वृंदावन झालं, तुळस राहिली. चाळीतली पोरं तिला बिनतुळशीची दुर्गा म्हणून चिडवायची. आता तिशीसुद्धा आली नसेल तिला, वहिनी म्हणाली. विचारा बघू तिथे कुणाला माहीत आहे का.

विचारीन म्हटलं. ठाकूरद्वारला प्रभूंची घरं काय थोडी आहेत?

निघताना वसूनं पदर धरला. पुढच्या खेपेला तुला नेईनच, असं वचन देऊन आले.

१ जानेवारी १९५६, रविवार

आज किती आनंदाचा दिवस! बाईसाहेबांनी आपण होऊन वसूचा विषय काढला. संक्रांतीनंतर तिला आणा म्हणाल्या, इथेच राहू दे आता कायमची. आणि तिचं बोरन्हाण झालंय का विचारलं. नाही झालं. तिच्या पहिल्या संक्रांतीला हे आजारी होते, मग घरात कुणी नावच काढलं नाही. बाईसाहेब म्हणाल्या, मग या वर्षी करू, अजून ती तेवढी लहान आहे. चुरमुरे, बोरं, सगळं आणवू. आणि हलव्याचे दागिने कशाला, घरात खरे असताना?

दादा मला भेटायला आला होता, त्याला त्यांनी समोर बसवून सांगितलं, चहा दिला. सोळा तारखेला घेऊन येतो म्हणाला. जाताना त्याचे डोळे भरून आले होते.

मी खोलीत येऊन वसूसाठी गादी झटकली. वाकले तर पाठीत कळ आली. वेणी सोडली तर फणीत पांढरे केस. पुष्कळ. सकाळी नव्हते. असतील.

नाकाचं भोक उघडलं आहे. कुणी टोचलं नाही.

१० जानेवारी, मंगळवार

नथ काढली की चैन पडत नाही. जेवण झाल्याबरोबर मी कपाटापाशी जाऊन उभी राहते, अजून किल्लीही आलेली नसते. मोती असे खुलले आहेत की दिवाणखान्यात पडदे लावले तरी उजेड वाटतो. गुलाबी, आतून रक्त खेळत असल्यासारखे. आज तन्मणी काढताना हाताला गरम लागला. माझा गळा गार होता.

भाऊसाहेब समोर खुर्ची घेऊन बसतात. आज रूप आलंय, आज तेज आहे, असं म्हणतात. मी एकदा चुकून हो म्हटलं. ते माझ्याशी बोलतच नव्हते.

१३ जानेवारी, शुक्रवार

दार लावून लिहिते आहे.

उद्या संक्रांत म्हणून मावशी पडवीत तीळ पाखडत होती. सूप हलवताना शाल घसरली. मनगटावर गोंदण. वृंदावन. वर तुळस नाही.

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, दुर्गा? तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, माझा नाव कोणी घेतल्यान न्हाय गो इतकी वर्सा.

माझ्याहून लहान आहे ती. दात नाहीत, डोळ्यांत सारा पडलाय, लांबचं दिसत नाही. तिला विचारलं, पळून का नाही गेलीस? ती म्हणाली, जीव घाबरायचा मोत्यांवाचून. पहिल्यांदा आपण त्यांना घालतो, मग ते आपल्याला. आणि मग जेव्हा अंगात काहीच उरलं नाही तेव्हा बाईसाहेबांनी खाली तांदूळ निवडायला बसवली. जाऊन जाऊ कुठे, मला ओळखणार कोण?

मग तिनं विचारलं, तुका पोर आसा ना?

१५ जानेवारी, रविवार

काल बाईसाहेबांना म्हटलं, वसूला नको आणायला, तिला गोवर आलाय. त्या म्हणाल्या, दादा तर काही बोलले नाहीत. हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या.

आज सकाळी करी रोडला जायला निघाले. दादाला सांगायचं, मुलीला आणू नको, मलाही घेऊन चल. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. मग पायात काही नव्हतंच. बुधाजीनं उचलून वर आणलं. म्हणाला, काय हलक्या हो तुम्ही बाई, कापूसच जसा.

दुपारी नथ घातली. नको म्हणायचं ठरवलं होतं. मीच नाक पुढे केलं.

१६ जानेवारी, सोमवार

मी पडूनच होते. खालून वसूचा आवाज आला.

दादा तिला सोडून गेलासुद्धा. बाईसाहेबांनी सांगितलं, ताई झोपल्यात, उठवू नका. तोही घाईत होता, लालबागला काहीतरी पेटणार म्हणत होता. पोरगी तुमच्याकडे आहे म्हणजे मला घोर नाही, असं म्हणाला.

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. मग एकदम थाळ्या, घोषणा, काचा फुटल्याचे आवाज. वसू माझ्या कुशीत शिरली आणि कुडकुडायला लागली. माझ्यामुळे. मी तिला दूर सरकवलं, मध्ये गोधडी घातली.

१७ जानेवारी, मंगळवार

संचारबंदी. कोपऱ्यावर गोळ्या झाडल्या. इकडे दिवाणखान्यात पाट, रांगोळी.

मी म्हटलं, माझ्या अंगावर घाला, सगळे घाला, तिला नको. बाईसाहेब म्हणाल्या, असं काय करता, लेकीचं कौतुक ना हे.

तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतल्या. ती खिदळत होती. गळ्यात, दंडात, कानात मोती. कानात ती बाळी. आई, हे गरम गरम आहेत, तुझ्यासारखे — आधी होतीस ना, तशी.

भाऊसाहेब गुडघ्यावर बसून तिच्या कानाजवळ तोंड नेऊन बघत होते.

१८ जानेवारी

वसू आज खेळली नाही. गूळ दिला तर म्हणाली, ह्याला चव नाही.

बोटांची टोकं पांढरी.

बाळी काढून ठेवते म्हणून बाईसाहेब घेऊन गेल्या. वसू बाळीसाठी रडली. मला द्या, माझी आहे. तिचा आवाज मी ओळखला — माझाच, कपाटापाशी उभी असतानाचा.

१९ जानेवारी

दुर्गाशी बोलले. सकाळी दूधभाजीसाठी थोडा वेळ संचारबंदी उठते. म्हातारी आणि पोर, पोलीस अडवणार नाहीत. करी रोडपर्यंत चालत. ती म्हणाली, बादल्या उचललेले पाय आसत, पोचवीन.

बुधाजी? बाईसाहेब? ती म्हणाली, मोती खुलले की ह्या घरात कोणाक दुसरा काय दिसणा नाय, कपाटाक कुलूप लावूचासुद्धा सुचणा नाय. तिलाही तेव्हाच पळता आलं असतं. पण कोणीतरी घालून बसाक होया.

मी बसेन.

२० जानेवारी, शुक्रवार, सकाळ

सगळं घातलं आहे. मीच मागितलं, आज सगळे एकदम बघा म्हटलं. भाऊसाहेबांनी एकेक खण रिकामा केला. बाईसाहेब आल्या. बुधाजीसुद्धा दार सोडून उंबऱ्यात. मी वही मांडीवर घेतली तरी कुणी हटकलं नाही. माझ्या हाताकडे कुणाचं लक्ष नाही.

किती उजेड — दंडाला, गळ्याला, नाकाला. गरम. मी मात्र —

बोटं वाकत नाहीत. लिहीत राहायचं. लिहिते आहे तोवर मी आहे.

खिडकी आज मी उघडायला लावली. मोत्यांना उजेड हवा म्हटलं. खाली दोघी दिसतात. दुर्गाची शाल, वसूची तांबडी कानटोपी. दुर्गानंच बांधली, थंडी म्हणून. वाडीच्या बाहेर पडल्या. पोलीस बघतो आहे. हात हलवतो — जा म्हणतो. गेल्या, गेल्या! देवा. वसू, मागे बघू नको. तुझा मामा — वहिनी खिचडी करील, तुला चव लागेल —

उघडे खण समोर. खोबणी सगळ्या रिकाम्या. सगळं माझ्यावर. नथ, तन्मणी, पेट्या, बुगड्या. चाचपून पाहते. खालचा खण. बाळीची खोबण —

तीही रिकामी.

बाळी मी घातली नाही. माझ्या कानात जातच नाही.

रात्री वसू उठली होती. पाणी प्यायला म्हणाली —

नाक्यावर थांबल्या. वसू वळली. मला शोधते. कानटोपी ओढून काढली, हलवते आहे. ऊन तिच्यावर. कानाशी काहीतरी —

दुर्गाला तिकडे दिसत नाही, तिच्या डोळ्यांत — हाक मारते, आवाज नाही —

भाऊसाहेब माझ्यासमोरून उठले. खिडकीशी गेले. म्हणतात, अहो, ती बघा, एवढ्या लांबूनसुद्धा किती खुल